देठातली मनाई

१८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर मुंबईहून घाट चढून पुण्याला आला. पेशवाई बुडून सात वर्षे झाली होती. कार्ल्याची लेणी आणि पेशव्यांचे उजाड वाडे पाहून त्याने टिपणे केली. पण त्याच्या प्रवासवर्णनात दख्खनचा आणखी एक रहिवासी मोठ्या गमतीने चितारलेला आहे. गवताळ माळांवर लहान लहान खेकड्यांचा सुळसुळाट आहे, ते ताठ बसून नांगीने गवत नाहीतर भाताची हिरवी काडी कापतात आणि आपल्याएवढाच भारा घेऊन तिरके तिरके बिळाकडे पळतात, असे ते वर्णन. आजही जुलैत मुळशी-मावळात बांधावर जरा स्वस्थ बसले तर हे दिसते. बसायला वेळ मात्र हवा.

त्याच वर्षांत पुण्यात आणखी एक साहेब खेकड्यांकडे पाहत होता. विल्यम हेन्री साइक्स हा मूळचा लष्करी माणूस, १८१७ च्या खडकीच्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेला. १८२४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले आणि पुढची काही वर्षे त्याने दख्खन पायाखाली घातला. माणसे, पिके, भाव, पाऊस हे त्याचे सरकारी काम. पक्षी, मासे आणि किडे हे खासगी वेड. मुळा-मुठेतल्या माशांना त्याने लॅटिन नावे दिली तीसुद्धा स्थानिक बोलीतले शब्द उचलून. पुण्याच्या पूर्वेला नदीत सापडलेल्या महाशीर माशाचे शास्त्रीय नाव आजही ‘टॉर खुद्री’ आहे. कोळ्याने नाव सांगायचे आणि कर्नल साइक्सने ते लॅटिनच्या पंगतीत बसवायचे, असा तो व्यवहार होता.

१८३६ मध्ये लंडनच्या एंटोमॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात साइक्सने दख्खनच्या भूखेकड्यांविषयी एक छोटे टिपण दिले आणि कीटकशास्त्रज्ञ जॉन वेस्टवुडने त्यातल्या खेकड्याचे शास्त्रीय वर्णन केले. नाव ठेवले ‘कुनिक्युलॅरिस’. लॅटिनमध्ये ‘कुनिक्युलस’ म्हणजे ससा आणि त्याच्या बिळासारखे भुयारही. थोडक्यात, बिळकरी. आज हा प्राणी ‘बॅरिटेल्फ्युसा कुनिक्युलॅरिस’ म्हणून ओळखला जातो. आपल्या ओढ्यांतला, शेतातला, लोणावळ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात दोरीने बांधून विकायला ठेवलेला काळपट खेकडा बहुधा हा किंवा याचा भाऊबंद असतो. (बीळ करण्याची ही ख्याती त्याला २०१९ मध्ये भलतीच भोवली. चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. खेकड्यांना खुलासा करता आला नाही.)

खेकड्याची जात ओळखतात ती त्याच्या कवचावरून. आकार, कंगोरे, नांगीचे दात. पण खेकड्याचे सगळे आयुष्य या कवचाशी चाललेल्या भांडणात जाते. कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो. मग ते टाकावे लागते. आपण याला सापाच्या तालावर ‘कात टाकणे’ म्हणतो, पाठ्यपुस्तकात ‘निर्मोचन’. सापाची कात म्हणजे त्यामानाने अंगरखा उतरवणे. खेकड्याचे तसे नाही. जुन्या कवचाखाली आधी नवे, मऊ कवच तयार होते. जुन्यातला चुना जमेल तितका रक्तात परत ओढून घेतला जातो. मोठ्या नांगीतले मांस झडून लहान होते, कारण नांगीचा सांधा अरुंद आणि त्यातून तो सगळा गोळा बाहेर काढायचा असतो. मग तो पाणी पिऊन फुगतो, पाठीच्या मागच्या कडेला कवच उसवते आणि त्या फटीतून तो उलटा, मागे मागे सरकत बाहेर येतो. पाय, मिशा आणि कल्ल्यांचे अस्तर सुटते. डोळ्यांवरचे काचेसारखे आवरणही सुटते. इतकेच काय, जठराचे अस्तर आणि अन्न दळणारे जठरातले दातसुद्धा जुन्या कवचाबरोबर जातात. बाहेर पडतो तो लोण्यासारखा मऊ जीव. नांगी आहे पण चिमटा घेता येत नाही, पाय आहेत पण शरीर पेलत नाही. कावळा, मुंगूस, माणूस किंवा शेजारच्या बिळातला दुसरा खेकडा, कोणीही यावे आणि खावे.

कोकणात अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे जुनी माणसे सांगतात. चंद्राचा हिशेब बाजूला ठेवला तरी पोकळ खेकडा ही वस्तुस्थिती आहे. नुकतीच कात टाकलेल्या खेकड्यात नव्या प्रशस्त घराएवढे पाणी असते आणि मांस मात्र जुन्या घरापुरतेच.

आता प्रश्न असा, की एवढे जिवावरचे काम करायचे कधी, हे कोण ठरवते?

युरोपात हा प्रश्न कोणाला पडण्याआधी कातीसाठी साठवलेला माल औषधांच्या दुकानात विकला जात होता. नदीतला क्रेफिश कात टाकण्याआधी जठराच्या भिंतीत चुन्याचे दोन पांढरे गोल खडे साठवतो. औषधविक्रेते त्यांना ‘खेकड्याचे डोळे’ म्हणत आणि आम्लपित्तावर देत. डोळ्यांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पुढे खरोखरच्या डोळ्यांनीच सगळे गूढ उकलले, ही इतिहासाची थट्टा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूरने १७१२ मध्ये क्रेफिशचा तुटलेला पाय पुन्हा येतो हे दाखवले आणि १७१८ मध्ये कात टाकण्याची सविस्तर निरीक्षणे दिली. मात्र ‘कसे’ दिसले तरी ‘केव्हा’चे उत्तर मिळाले नाही आणि दोनशे वर्षे तसेच राहिले.

१९०५ मध्ये अमेरिकेत चार्ल्स झेलेनी हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे होता. एक अवयव तोडला की दुसरा त्याची भरपाई कशी करतो, हे त्याला पाहायचे होते. त्यासाठी त्याने समुद्रकाठचे छोटे खेकडे घेतले, ज्यांच्या नराची एक नांगी भलीमोठी असते. काही खेकड्यांचे डोळेही त्याने देठासकट काढले. खेकड्याचा डोळा खोबणीत नसतो, एका हलत्या देठावर बसवलेला असतो. डोळे काढलेल्या या खेकड्यांनी लवकर कात टाकली. झेलेनीने ते नोंदवले आणि तो पुढे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला अर्नेस्ट स्टार्लिंग व्याख्याने देत होता. रक्तातून निरोप नेणाऱ्या रसायनांसाठी त्याने तिथे एक नवा शब्द वापरला: हॉर्मोन. झेलेनीच्या खेकड्यांना ज्या शब्दाची गरज होती तो त्याच वर्षी जन्मला, आणि दोघांची गाठ पडायला तीस-पस्तीस वर्षे लागली.

या उशिराचा थोडा दोष त्या शब्दाकडेही जातो असे मला वाटते. ‘हॉर्मोन’ ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ चेतवणे, हालचाल सुरू करून देणे. आपल्या परिभाषाकारांनी त्याचे ‘संप्रेरक’ केले, तेही चोख: नीट प्रेरणा देणारे. शब्दाने मनाशी एक चित्र पक्के केले, की ग्रंथी म्हणजे हुकूम सोडणारी. ‘वाढ’ म्हटले की वाढायचे, ‘टाक’ म्हटले की टाकायचे. झेलेनीच्या खेकड्यात उलट घडत होते. एक अवयव काढला आणि काम थांबण्याऐवजी सुरू झाले. म्हणजे त्या अवयवात जे होते ते प्रेरक नव्हते, अडसर होते. आपल्या व्याकरणात विधीच्या बरोबरीने निषेध असतो; खेकड्याच्या डोळ्याच्या देठात बसला होता तो निषेध.

१९२० च्या दशकात रंगावरून धागा सापडला. कोळंबीच्या जातीतले काही प्राणी पार्श्वभूमीप्रमाणे रंग बदलतात. गडद प्राण्याचे रक्त फिक्या प्राण्याला टोचले तर तोही बदलतो आणि त्या रसायनाचा साठा डोळ्याच्या देठात आहे, हे १९२८ च्या सुमारास स्पष्ट झाले. स्वीडनच्या बर्टिल हानस्ट्रॉमने सूक्ष्मदर्शकाखाली त्या देठातल्या दोन जागा दाखवल्या. एकीला पुढे सायनस ग्रंथी म्हणू लागले. दुसरीचे काम कळेना म्हणून तिला बीजगणितातल्यासारखे ‘एक्स’ नाव पडले, एक्स-ऑर्गन. १९३९ मध्ये ब्राऊन आणि कनिंगहॅम यांनी डोळे काढलेल्या क्रेफिशच्या अंगात सायनस ग्रंथी रोवली आणि कात लांबली. पुढच्याच वर्षी अब्रामोविट्झ यांचे समुद्रखेकड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा निष्कर्ष एकच, देठातून सतत काहीतरी रक्तात झिरपते आणि ते आहे तोवर कात टाकली जात नाही. फ्रान्समध्ये पिएर द्राखने १९३९ मध्येच दोन कातींमधल्या काळाची टप्प्यांनुसार मांडणी केली. त्या टप्प्यांना त्याने दिलेली ए ते ई ही अक्षरे आजही प्रयोगशाळेत तशीच चालतात.

मग एक घोळ झाला. सायनस ग्रंथीच मनाई करत असेल तर बाकीचा डोळा शाबूत ठेवून नुसती ती ग्रंथी कापली की खेकड्याने कात टाकायला हवी. तो टाकेना. १९५० च्या आगेमागे डोरोथी ब्लिस आणि लिओनार्ड पॅसानो यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे हा गुंता सोडवला. सायनस ग्रंथी हा कारखाना नव्हे, ते कोठार. रसायन बनते ते मागे, एक्स-ऑर्गनमधल्या चेतापेशींत, आणि त्यांच्या लांब तंतूंतून वाहत कोठारात येते. कोठार पाडले तरी कारखाना चालूच, माल तुटलेल्या तंतूंतून गळत राहतो. मज्जातंतूच ग्रंथीचे काम करतो, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांच्या पचनी पडलेली नव्हती. खेकड्याच्या देठाने ती पचवायला भाग पाडले.

ब्लिसबाईंचे काम मला या सगळ्यात अधिक मोलाचे वाटते, कारण त्यांनी फक्त ग्रंथी पाहिली नाही, खेकडा कुठे राहतो हेही पाहिले. बर्म्यूडाचा भूखेकडा त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला. उजेडात, कोरड्या वाळूत, दुसऱ्या खेकड्यांच्या गर्दीत ठेवला तर तो कात टाकत नाही. अंधार, ओल आणि एकांत दिला की तयारीला लागतो. डोळ्यांचे देठ काढले तर मात्र त्याला हे भान उरत नाही. भर उजेडात, चारचौघांत तो कात टाकायला बसतो आणि बहुतेक वेळा मरतो. मनाई का हवी, हे यातून कळते. खेकड्याचे शरीर कात टाकायला मुळातच तयार असते. डोळा बाहेरचे पाहतो आणि म्हणतो, अजून नाही. बीळ ओले झाले, अंधार आहे, आजूबाजूला कोणी नाही असे झाले की तो बोलायचे थांबतो. वेस्टवुडने ठेवलेल्या ‘बिळकरी’ या नावात किती काही दडले होते हे तिथे लक्षात येते.

उरला प्रश्न, की देठाची मनाई कोणाला? १९५३ मध्ये पॅरिसच्या मानफ्रेड गाबने काही कवचधारी प्राण्यांच्या डोक्याच्या भागात एक लहानशी ग्रंथीची जोडी शोधली. ती किड्यांच्या कात टाकायला लावणाऱ्या ग्रंथीसारखी दिसत होती. एक्सनंतर अर्थात वाय, वाय-ऑर्गन. गी एशालिएने युरोपच्या हिरव्या किनारी खेकड्यातून ती काढली. कात टाकणे कायमचे थांबले. परत बसवली, सुरू झाले. चित्र पुरे झाले. वाय-ऑर्गन प्रेरक, एक्स-ऑर्गन निरोधक. एक मोटारीचा एक्सलरेटर आणि दुसरा ब्रेक, असे वर्गात सांगतात. फक्त इथला ब्रेक बहुतेक काळ दाबलेलाच असतो.

याच सुमारास ही कथा महाराष्ट्रात पोचली. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला सुरू झाले. समुद्र तिथून दूर. समुद्री खेकडे, जगभरच्या प्रयोगशाळांचे लाडके, तिथे आणायचे कुठून आणि जगवायचे कसे? पण ओढ्यात-तळ्यात खेकडे होते, तेच, साइक्सचे. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आर. नागभूषणम यांनी तिथे कवचधारी प्राण्यांच्या अंतःस्रावांच्या अभ्यासाची एक परंपराच उभी केली. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या मिल्टन फिंगरमन यांच्याशी त्यांचे पुढे अनेक वर्षांचे सहकार्य राहिले आणि दोघांच्या नावाने पुस्तकांची मालिका निघाली. १९७४ मध्ये ए. डी. दिवाण आणि नागभूषणम यांचा ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये बॅरिटेल्फ्युसा कुनिक्युलॅरिसच्या प्रजननचक्रावर आणि जननग्रंथींमधल्या जीवरासायनिक बदलांवर लेख आला. पुण्याच्या कर्नलने नोंदवलेला माळावरचा प्राणी १३८ वर्षांनी मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत टेबलावर आला होता. या वेळी प्रश्न त्याच्या कवचाचा नव्हता, आतल्या घड्याळाचा होता.

प्रजनन आणि कात ही दोन कामे खेकड्यात एकमेकांची सवत आहेत. दोन्हींना साठवलेले अन्न लागते, दोन्ही एकदम होत नाहीत. आपल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी तर अंडी पोटाच्या झडपेखाली धरते आणि त्यातून अळ्या नव्हे, थेट चिमुकले खेकडे निघतात. तेही काही काळ तिथेच राहतात. या काळात तिने कात टाकली तर झडपेबरोबर पिल्लेही गेली. शिवाय देठातली मनाई केवळ कातीची नसते, अंडाशयाच्या वाढीचीही असते. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, फ्रान्सच्या पानूझने कोळंबीचा डोळा काढला की अंडाशय झपाट्याने वाढतो हे दाखवले होते. आज जगभरच्या कोळंबी-बीज केंद्रांत मादीचा एक डोळा चिमटून टाकतात तो याच ज्ञानावर. थाळीतल्या टायगर प्रॉन्सच्या मागे कुठेतरी एकाक्ष माता असते, हे बहुतेक खवय्यांना माहीत नसते. माहीत झाल्यावर ताट बाजूला सारणारा मात्र माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईत समुद्र हाताशी होता. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पी. व्ही. रांगणेकर यांच्या मार्गदर्शनाखाली खाडीतल्या मोठ्या खेकड्याचे, म्हणजे मत्स्यालयात आणि हॉटेलात दिसणाऱ्या ‘सिला सेराटा’चे डोळे काढल्यावर अंडाशयाचे काय होते, याचा अभ्यास १९६० च्या दशकात झाला. १९७२ मध्ये एम. एन. मध्यस्थ आणि रांगणेकर यांनी खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या ‘वरुणा लिटराटा’ या खेकड्याच्या वाय-ऑर्गनवर स्विस नियतकालिक ‘एक्स्पिरिएन्शिया’मध्ये टिपण दिले. (जलदेवतेच्या नावाचा खेकडा, हे नामकरण आपले नव्हे, युरोपीयांचे.) दक्षिणेत कालिकतला के. जी. आणि रिटा आदियोडी हे दांपत्य भातखाचरातल्या खेकड्यावर काम करत होते. १९७० मध्ये ‘बायॉलॉजिकल रिव्ह्यूज’मध्ये आलेला त्यांचा आढावा जगभर वाचला गेला. फार मोठी यंत्रे नव्हती. कात्री, सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, रंगद्रव्ये आणि चिखलात हात घालायची तयारी, एवढ्यावर हे चालले. खेकडे मात्र फार मेले. ज्या पिढीने बी.एस्सी.ला कोळंबीची ‘हॅस्टेट प्लेट’ काढून काचपट्टीवर ठेवली, तिला त्याचे काही वाटत नसे. आता विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतली विच्छेदने बंद केली आहेत. माझ्या मते ठीकच झाले, पण मग खेकडा ओढ्यावर जाऊन पाहण्याची सोय कोणी केली नाही.

आता रसायनाकडे. वाय-ऑर्गनमधून जे निघते ते काय, हे कळण्याची वाट आधी किड्यांतून गेली. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याच्या कोषांतले ५०० किलो प्यूपे घोटून, गाळून, उकळून शेवटी २५ मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. नाव दिले एक्डायसोन. खेकड्यांच्या कुळाचा रस काढणे त्याहून महाग पडले. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅम्पशायर आणि हॉर्न यांनी शेवंड्याच्या कुळातल्या क्रेफिशचा एक टन माल वापरला आणि हाती लागले २ मिलिग्रॅम. एका ट्रकभर मालातून चिमूटभरही नाही, चिमटीला चिकटेल तेवढेच. त्या रेणूचे आजचे नाव २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन. वाय-ऑर्गन एक्डायसोन सोडते, शरीरातल्या इतर पेशी त्याला एक हायड्रॉक्सी गट जोडतात आणि मग ते कवचाखालच्या थराला कामाला लावते. किड्याला आणि खेकड्याला कात टाकायला लावणारा रेणू एकच, ही बातमी मोठीच होती. झुरळ आणि खेकडा हे जवळचे नातलग आहेत, हे खाणाऱ्यांनी मनावर घेतले नाही, हे बरे झाले.

पण त्याच १९६६ मध्ये आणखी एक गंमत उघड झाली. हॉर्न यांच्याच गटाला हा रेणू एका झाडात सापडला. जपानमध्ये नाकानिशी यांना त्याचाच एक भाऊ दुसऱ्या झाडात मिळाला. झाडाला कात टाकायची नसते. मग कशाला हे रसायन? पाने खायला आलेल्या किड्याच्या पोटात नको त्या वेळी कातीचा निरोप गेला की किड्याचे गणित चुकते, म्हणून झाडे ते साठवत असावीत, असा तर्क आहे. मग जगभर लोक आपापल्या झाडांत शोधू लागले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ए. बॅनर्जी आणि एम. एस. चढ्ढा यांनी १९७० मध्ये ‘फायटोकेमिस्ट्री’त एक टिपण दिले. किड्यांचे कात टाकायचे हॉर्मोन ‘अकिरँथिस अ‍ॅस्पेरा’मध्ये सापडले होते.

अकिरँथिस अ‍ॅस्पेरा म्हणजे आपला आघाडा.

श्रावणी शुक्रवारी जिवतीला आघाडा-दुर्वांची माळ घालतात, तोच. गणपतीच्या पत्रीत ‘अपामार्ग’ म्हणून जो येतो, ऋषिपंचमीला ज्याच्या काडीने दात घासायचे, तो. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी मंडईबाहेर ओल्या गोणपाटावर जुड्या मांडून बसलेल्या बायकांकडून पुणेकर तो घेतात आणि दहा रुपयांवरून घासाघीस करतात. ज्या रसायनाच्या दोन मिलिग्रॅमसाठी ऑस्ट्रेलियात टनभर माल कारणी लागला, ते इथे गावकुसाबाहेर, रेल्वेरुळांच्या कडेला, पर्वतीच्या पायथ्याला कोणी न पेरता उगवत होते. पुढच्याच वर्षी बॅनर्जी-चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी आणखी भारतीय वनस्पतींत ते दाखवले. त्यांतली एक खाडीकाठच्या खारट चिखलात पसरणारी, जाड मांसल पानांची. ती वाढते तिथेच चिंबोऱ्यांची बिळे असतात. कातीचे रसायन बिळाच्या आत आणि बिळाच्या दारात. पुढे कर्नाटकात रेशीमकिड्यांना हे वनस्पतिजन्य रसायन तुतीच्या पानांवरून देऊन सगळे किडे एकाच वेळी कोष विणायला बसवण्याची पद्धतही निघाली.

जिवतीच्या माळेचा आणि खेकड्याच्या कातीचा काही संकेत पूर्वजांना ठाऊक होता, असे कृपया कोणी म्हणू नये. तसे काही नाही. आघाडा पावसाळ्यात मुबलक असतो, म्हणून तो पावसाळी सणांत आला, एवढेच.

देठातल्या मनाईचा रेणू मात्र झाडात सापडण्यासारखा नव्हता. तो प्रथिनांच्या जातीचा. सायमन वेब्स्टरने १९९१ मध्ये हिरव्या किनारी खेकड्यातल्या त्या रेणूची ७८ अमिनो आम्लांची साखळी ओळीने लावून दाखवली. झेलेनीच्या कात्रीनंतर ८६ वर्षांनी मनाईचा मजकूर अक्षरशः वाचता आला. १९९९ मध्ये त्याच्या गटाने आणखी एक आश्चर्य सांगितले. कात टाकण्याच्या ऐन घडीला, त्याच कुटुंबातला दुसरा एक रेणू खेकड्याच्या आतड्यातून अचानक मोठ्या प्रमाणात रक्तात येतो. तो पाणी पिऊन फुगायला लावतो. म्हणजे तयारी डोळ्याच्या गप्प बसण्याने होते, आणि शेवटचा धक्का पोटातून मिळतो. तोडलेल्या पायांचाही यात हात असतो. डोरोथी स्किनर यांनी दाखवले की बरेच पाय एकदम गेलेला भूखेकडा कात लवकर टाकतो, कारण नवा पाय कवचाखाली घडी घालून तयार असला तरी उलगडतो तो कातीबरोबरच. झेलेनी १९०५ मध्ये जे शोधत होता त्याच्या जवळ जाणारे उत्तर हे.

या ज्ञानाचा बाजारभाव मऊ खेकड्यात आहे. आग्नेय आशियात चिंबोऱ्या एकेक डब्यात वेगळ्या ठेवतात, नाहीतर एकमेकींना खातात. रात्रंदिवस दर काही तासांनी डबे पाहतात आणि कात टाकली की कवच कडक व्हायच्या आत पाण्याबाहेर काढून थंड करतात. मग तळून, कवचासकट खातात. सिंधुदुर्गात खाडीतले खेकडा-पालन आले आहे. मावळातला कातकरी मात्र रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला जातो आणि मऊ खेकडा हाताला लागला तर सोडून देतो. त्यात खाण्यासारखे काही नसते, हे त्याला वेब्स्टरच्या आधीपासून माहीत आहे.

पुण्याला आकुर्डीत झूलॉजिकल सर्व्हेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. शहरात ते १९५९ पासून काम करते. तिथले समीर कुमार पाटी यांनी २०१४ मध्ये सहकाऱ्यासह सह्याद्रीतल्या खेकड्यांची एक नवी प्रजाती (जीनस) प्रसिद्ध केली, ‘घाटियाना’. नंतर आणखी नव्या जातींची भर पडली. काही केशरी, काही जांभळ्या, झाडाच्या ढोलीत नि कातळाच्या भेगांत राहणाऱ्या. दोनशे वर्षांनंतरही पुण्यातून खेकड्यांना नावे देणे चालू आहे. या नव्या जातींत कात केव्हा टाकली जाते, कोणत्या महिन्यात, किती पाण्यावर, हे पाहायला कोणीतरी बिळाशेजारी बसायला हवे.

गेल्या भाद्रपदात ताम्हिणीकडच्या एका ओढ्यावर दगडाच्या फटीत मला मेलेला खेकडा दिसला. उचलला तर वजनच नव्हते. मागच्या कडेला उसवलेला, बाकी सगळा जागच्या जागी. नांगीचे दात, पायांची टोके, मिशा आणि दोन्ही डोळेसुद्धा. डोळे उजेडासमोर धरले. देठ आरपार पोकळ होते. खेकडा जवळच कुठेतरी मऊ होऊन बसला असणार, म्हणून दगड न हलवता ते टरफल पुन्हा फटीत ठेवले. घरी आल्यावर पँटच्या कडेला चिकटलेली आघाड्याची कुसळे काढत बसलो. बराच वेळ लागला.